ग्रांफू ते लोसर: खालच्या आरपीएमवर गाडी किती ओढते?

हिमाचलमधल्या ग्रांफूच्या फाट्यावर एक रस्ता रोहतांगकडे चढतो आणि दुसरा चंद्रा नदीच्या काठाने, प्रवाहाच्या उलट दिशेने स्पितीकडे जातो. या दुसऱ्या रस्त्याला लागलं की डांबराचा भरवसा संपतो. कागदावर हा राष्ट्रीय महामार्ग ५०५ आहे. प्रत्यक्षात बातलपर्यंतचे पन्नासेक किलोमीटर म्हणजे गोटे, धोंडे, मधूनमधून चाललेलं रुंदीकरणाचं काम आणि डोंगरावरून उतरून रस्ता आडवा कापणारे नाले. डिझेल इंजिन खालच्या आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला कमी फेरे घेत असताना, किती ओढतं हे पाहायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. इथे ताशी शंभरपर्यंत किती सेकंदांत जाता, याला काडीची किंमत नाही. ताशी तीन किलोमीटरने न थांबता, न आचकता जाता येतं का, एवढंच विचारलं जातं.

आमच्या गाड्या चार, सगळ्या डिझेल आणि सगळ्या फोर बाय फोर. माझी जुनी थार, अडीच लिटरच्या सीआरडीई इंजिनाची: १०५ अश्वशक्ती आणि २४७ न्यूटन मीटर टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर), तोही १,८०० ते २,००० आरपीएमच्या चिंचोळ्या पट्ट्यात. दादाची, म्हणजे माझ्या आतेभावाची, नवी थार: २.२ लिटरचं एमहॉक इंजिन, मॅन्युअल गियर, १३० अश्वशक्ती, १,६०० ते २,८०० आरपीएमला ३०० न्यूटन मीटर. काकांची २०२१ च्या मॉडेलची गुरखा: २.६ लिटर, अश्वशक्ती जेमतेम ९०, टॉर्क २५०, पण तो १,४०० ला येतो आणि २,४०० पर्यंत हलत नाही. आणि दादाच्या मित्राची फॉर्च्युनर: २.८ लिटर, ऑटोमॅटिक, २०४ अश्वशक्ती आणि ५०० न्यूटन मीटर.

मनालीत रात्री जेवताना याच आकड्यांवर गप्पा रंगल्या. दादाचं म्हणणं, "पाचशे म्हणजे पाचशे. गुरखाच्या दुप्पट. ह्यात बोलायचं काय राहिलं?" काका शांतपणे भाजी वाढून घेत म्हणाले, "अरे, पाचशे कधी मिळतात ते बघ ना. सोळाशेला. नाल्यात तू सोळाशेला असशील का?"

काकांचा हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. गाड्यांची तुलना करताना आपण टॉर्कचा सगळ्यात वरचा आकडा पाहतो. पण डिझेल इंजिन आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, साधारण ७५०-८५० आरपीएमवर फिरतं, आणि टर्बोला (एक्झॉस्टच्या धुरावर फिरून इंजिनात जादा हवा भरणाऱ्या पंख्याला) पुरेसा एक्झॉस्ट मिळून तो हवा कोंबायला लागतो ते १,४००, १,६००, १,८०० च्या आसपास. या दोन टोकांच्या मधला जो पट्टा आहे, त्याचा आकडा माहितीपत्रकात नसतो. दगडधोंड्यांतली सगळी कसरत मात्र तिथेच होते.

सकाळी लवकर निघालो. अटल बोगद्यामुळे रोहतांग चढावा लागत नाही, ९.०२ किलोमीटर सरळ डोंगराच्या पोटातून आणि पलीकडे लाहौल. लवकर निघण्याचं कारण हौस नव्हे. ऊन तापलं की वरचा बर्फ वितळतो आणि दुपारी त्याच नाल्याला सकाळच्या कितीतरी पट पाणी येतं. छत्रूला चहा घेतला आणि पुढे गेलो, तर पहिल्या मोठ्या नाल्यावर रांग लागलेली.

नाल्यात एक एसयूव्ही अडकली होती. डिझेल, टर्बो, इंजिन चांगलं ताकदवान, पण गाडीला लो रेंज, म्हणजे सगळे गियर आणखी हळू आणि जोरकस करणारी सोय, नाही. चालक बिचारा दोन्ही बाजूंनी अडला होता. क्लच पूर्ण सोडला की आरपीएम पडून इंजिन बंद व्हायचं. बंद पडू नये म्हणून रेस देऊन हाफ क्लचवर ओढलं की टर्बो एकदम जागा व्हायचा, चाकं गोट्यांवर गरगरा फिरायची आणि गाडी आणखी खाली बसायची. क्लच जळल्याचा वास रांगेत मागेपर्यंत येत होता. शेवटी आमच्या पुढच्या टॅक्सीवाल्याने दोर लावून गाडी मागे ओढली. त्यात चालकाचा दोष फारसा नव्हता. गाडीच्या पहिल्या गियरला जेवढं हळू जाता येतं, त्याहून हळू जायची तिथे गरज होती.

मग आमचा नंबर आला. काठावर उभ्या असलेल्या एका स्थानिक ड्रायव्हरने मला खिडकीतून सांगितलं, "मॅडमजी, लो में डालो, पहला गियर, और फिर पैर हटा लो. इंजन को अपने आप चलने दो." फोर लो, फर्स्ट. पाण्यात उतरण्याआधीच क्लच पूर्ण सोडला, दोन्ही पाय पेडलवरून काढले. गाडी निघाली. पुढचं चाक धोंड्याला टेकलं की इंजिनाचा आवाज थोडा दबायचा, मग ईसीयू (इंजिनाचा संगणक) स्वतःच डिझेल वाढवायचा, आवाज पुन्हा भरायचा आणि चाक धोंड्यावर चढायचं. आयडलिंग टिकवण्यासाठी असलेली ही यंत्रणा डिझेलमध्ये फार उपयोगी पडते, कारण डिझेलमध्ये ताकद कमी-जास्त करायची ती इंधनाच्या मापाने. हवा आधीच सिलिंडरभर आलेली असते. इंधन वाढलं की त्याच झटक्याला जोर वाढतो. एकदाही ॲक्सिलरेटरला पाय न लावता जुनी थार पलीकडे गेली.

फर्स्ट लोमध्ये नेमकं काय होतं हे पलीकडच्या काठावर बसून मी दादाला वहीत मांडून दाखवलं. हिशेब सोपा जावा म्हणून गोल आकडे धरले. समजा पहिल्या गियरचं गुणोत्तर ४, डिफरन्शियलचं (चाकांमधल्या शेवटच्या गियरचं) ४. हाय, म्हणजे नेहमीच्या रेंजमध्ये इंजिनाचा टॉर्क चाकापर्यंत जाताना १६ पट होतो. लो रेंज अडीच पट धरली, तर तोच ४० पट होतो. आता इंजिन आयडलिंगजवळ समजा फक्त १२० न्यूटन मीटर देतंय. लोमध्ये चाकांवर १२० गुणिले ४०, म्हणजे ४,८००. आणि हाय रेंजमध्ये पूर्ण ३०० न्यूटन मीटर मिळाले तरी ३०० गुणिले १६, तेही ४,८००! टर्बो पूर्ण फुगवून, रेस देऊन, क्लच जाळून जे मिळतं, तेच लोमध्ये आयडलिंगला मिळतं. घर्षणात थोडं जातं, ते दोन्हीकडे सारखंच धरा. वेगाचं पण तसंच. ८०० आरपीएम भागिले ४० म्हणजे चाकाचे मिनिटाला २० फेरे. टायरचा घेर २.४ मीटर धरला तर मिनिटाला ४८ मीटर, ताशी तीन किलोमीटरच्याही आत. हायमध्ये सव्वासात. गोट्यांवर सव्वासातने गाडी आपटते, तीनने चढते.

दादा वही हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला. मग त्याने स्वतःची गाडी लोमध्ये टाकली आणि तशीच, पाय न लावता आणली. त्याची गाडी सगळ्यात सफाईने आली असं मला वाटलं. नव्या इंजिनाचा टर्बो लवकर जागा होतो, आणि आयडलिंगच्या जरा वर, हजार-बाराशेला, माझ्या गाडीत जाणवतो तो पोकळपणा त्यात जवळजवळ नाही.

गुरखाचं वेगळंच. ते इंजिन मर्सिडीजच्या जुन्या ओएम ६१६ घराण्यातलं. त्याच घराण्याचं इंजिन ट्रॅक्समध्ये होतं, आणि ट्रॅक्सचं वडाप (शेअर जीप) ज्यांनी सातारा-सांगलीकडे पाहिलंय त्यांना माहीत आहे की पंधरा माणसं आणि टपावर पोती घेऊन ती गाडी चढावर कशी न कुरकुरता जायची. कमी अश्वशक्ती म्हणून लोक या इंजिनाला नावं ठेवतात, ते मला पटत नाही. ९० अश्वशक्ती ३,२०० आरपीएमला मोजलेली आहे. अश्वशक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. फेरेच कमी ठेवले की आकडा लहान दिसणार. महामार्गावर ओव्हरटेक करताना ते जाणवतं, खरंच जाणवतं. नाल्यात काकांनी दुसऱ्या गियरमध्ये, लोमध्ये, गाडी अशी आणली की डॅशबोर्डवरचा चहाचा कप सांडला नसता. मध्ये एक चाक हवेत गेलं, तेव्हा त्यांनी मागचा डिफ लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी सोय) टाकला आणि बस.

फॉर्च्युनरबद्दल माझा अंदाज होता की जड ऑटोमॅटिक गाडी अवघडेल. तसं झालं नाही, आणि त्याचं कारण इंजिनाइतकंच टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असलेला भाग, आहे. इंजिन फिरतंय पण चाकं जवळपास थांबलेली आहेत, अशा वेळी कन्व्हर्टरमधलं तेल टॉर्क वाढवून पुढे देतं, साधारण दुपटीच्या आसपास. क्लच जळण्याचा प्रश्नच नाही, आणि ब्रेक हळूहळू सोडला की गाडी आपोआप सरकते. याच इंजिनाला मॅन्युअल गियरबॉक्समध्ये कंपनी ५०० ऐवजी ४२० न्यूटन मीटर देते, पण ते १,४०० पासून सुरू होतात. मला घ्यायची असती तर मी मॅन्युअलचा विचार नक्की केला असता.

आम्ही निघत असताना कुल्लू-काझा बस आली. हिमाचल परिवहनची, फक्त मागच्या चाकांवर चालणारी, माणसांनी भरलेली. ड्रायव्हरने नाल्याआधी थांबून पहिला गियर टाकला आणि एकाच लयीत, आवाज न चढवता, बस पार केली. मोठं इंजिन, फार खालचा पहिला गियर आणि रोजचा सराव. आमच्या चारही गाड्यांतली माणसं त्या बसकडे आदराने बघत होती.

बातलला डाळ-भात खाऊन कुंझुम खिंडीची चढण लागली. बातल जवळपास चार हजार मीटरवर आहे, कुंझुम साडेचार हजारांच्या वर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ५७ टक्के. टर्बो गाड्यांना उंचीचा त्रास होत नाही असं ऐकून आपण येतो. ते अर्धंच खरं आहे. टर्बो फिरायला लागला की तो विरळ हवा दाबून बरीचशी भरपाई करतो. पण तो फिरायला लागेपर्यंत ते इंजिन बिनटर्बोचंच असतं आणि त्याला निम्म्याहून थोडीच जास्त हवा मिळत असते. शिवाय विरळ हवेत तेवढाच दाब तयार करायला टर्बोला आणखी जोरात फिरावं लागतं. म्हणजे उंचीवर सगळ्यात मोठा फटका बसतो तो खालच्याच आरपीएमला. माहितीपत्रकातला १,६०० इथे १,६०० राहत नाही.

हे आम्हाला एका हेअरपिनवर नीट कळलं. वरून ट्रक आला, सगळे थांबलो, आणि चढावर पुन्हा निघायचं होतं. खंबाटकी घाटात माझी गाडी अशा जागी हायच्या फर्स्टमध्ये सहज उचलते. इथे क्लच सोडताना इंजिन खाली गेलं, सायलेन्सरमधून काळा धूर आला: इंधन आहे, जाळायला हवा नाही. मी लगेच लो टाकला, सेकंडमध्ये. इंजिन अठराशेच्या आसपास ठेवता आलं, टर्बो जागा राहिला आणि पुढची सगळी वळणं तशीच चढले. दादानेही तेच केलं. सायकलवर घाट चढताना मोठा गियर दामटण्यापेक्षा लहान गियरवर पाय फिरते ठेवतो, तसंच. काका मात्र हायमध्येच आले. त्यांच्या इंजिनाला १,४०० ला मिळणारी ओढ आणि दादाच्या इंजिनापेक्षा जास्तीचे चारशे सीसी यांचा फरक मला सगळ्यात स्पष्ट तिथे दिसला. नाल्यात चारही गाड्या जवळपास सारख्याच दिसल्या होत्या, कारण लो रेंजने सगळ्यांची उणीव भरून काढली होती. कुंझुमच्या चढावर इंजिनांचे खरे स्वभाव वेगळे झाले.

खिंडीत कुंझुम मातेच्या मंदिराला प्रदक्षिणा घातली आणि स्पितीतल्या लोसर गावाकडे उतरलो. उतारावर लोचा दुसरा गियर ठेवला तर ब्रेकला पाय क्वचित लागतो. वळणांमागून वळणं असताना ब्रेक तापू न देणं ही चढण्याइतकीच मोठी गोष्ट आहे.

काझाला पोहोचल्यावर दादाने नवा बेत काढला: परत गेल्यावर गाडीला मोठे टायर टाकायचे, उंची वाढेल, नाल्यात बरं पडेल. मी पुन्हा वही काढली. घेर २.४ वरून २.६५ मीटर झाला, की प्रत्येक फेऱ्याला गाडी दहा टक्के जास्त पुढे जाणार आणि चाकाने रस्त्यावर लावलेला जोर जवळपास तेवढाच कमी होणार. टायरचं वजन वाढेल ते वेगळंच. टायर बदलायचे तर डिफरन्शियलचं गुणोत्तरही बदलावं लागेल, नाहीतर कुंझुमला जे थोडंसं हातात होतं, तेही जाईल. काका म्हणाले, "आधी ह्याच टायरवर हिक्किम आणि कोमिक चढून बघू, मग ठरव." कोमिक गाव ४,५०० मीटरच्या वर आहे, आणि उद्या आम्ही तिकडेच निघतोय.