थोरली, धाकटी आणि पुरणयंत्र

आमच्याकडे तुळजापूरला जायचं म्हटलं की आधी घरात मीटिंग बसते. इंदूरहून ट्रेन, मग बस, मग लॉज, कुणाचे गुडघे, कुणाची शुगर, कुणाला सुट्टीच नाही, आणि अर्धा तास काथ्याकूट झाला की कुणीतरी म्हणतंच, अरे देवासलाच जाऊन येऊ की, ती पण भवानीच ना! झालं, ठरलं. आमच्या तीन पिढ्यांचा कुलाचार असा देवासच्या टेकरीवरच उरकलाय. आजी तर तिला सरळ 'आपली ब्रँच' म्हणायची आणि म्हणून झालं की पटकन दोन्ही कानांना हात लावायची.

यंदा नवरात्राच्या आधीच्या रविवारी गेलो. नवरात्रात तिकडे जायची हिंमत आता होत नाही, इंदूर-उज्जैनहून चालत येणाऱ्यांनी रस्ता भरलेला असतो. देवास नाका सोडला, शिप्रेचा पूल गेला की थोड्याच वेळात टेकरी दिसायला लागते. आजूबाजूला सगळा सपाट माळवा आणि मधेच ही, ताटात भाताची मूद पाडावी तशी. लहानपणी ती दिसली की गाडीतले सगळे हात जोडायचे आणि मी मात्र वर पोचल्यावर नारळाचा मोठा तुकडा कुणाला मिळणार याचा विचार करत असायचे. समोर ताई बसलेली असायची नं.

तर ताई. यंदाही ती होतीच, पुढच्या सीटवर, भाऊजींच्या शेजारी. आमचं चैत्रापासून जरा बिनसलेलं होतं. भांडण म्हणावं असं काही नाही, बोलणं चालू होतं, पण ते आपलं फॉरवर्ड केलेल्या गुड मॉर्निंगपुरतं. कारण सांगायला लाज वाटते पण सांगते. आई गेल्यावर घर आवरलं तेव्हा ताईनं आईचं पितळी पुरणयंत्र न विचारता पिशवीत घातलं आणि मी म्हटलं, तुला काय करायचंय ते, तू तर पुरण मिक्सरमधून काढतेस. बस एवढंच. पण खोलीत तिची सूनही होती.

टेकरीवर दोन देव्या आहेत. थोरली तुळजाभवानी, धाकटी चामुंडा, तिकडचे लोक त्यांना बडी माता, छोटी माता म्हणतात. या दोघी सख्ख्या बहिणी. एकदा कशावरून तरी त्यांचं वाजलं (कशावरून ते कुणीच सांगत नाही, माझा तर भांड्यांवरच संशय आहे) आणि थोरली रागानं पाताळात जायला निघाली, धाकटी टेकरी सोडून चालायला लागली. मारुती आणि भैरव धावत आले, हातापाया पडले, तेव्हा कुठे दोघी थांबल्या. पण तोवर थोरली कमरेपर्यंत जमिनीत गेली होती आणि धाकटी निम्मी टेकरी उतरली होती, मग जिथे होत्या तिथेच राहिल्या. मला या कथेतलं सगळ्यात काय आवडतं, तर त्या परत वर आल्या नाहीत. मिटलं, पण जरा अडूनच. आणि मधे पडलेल्या भैरवाचं दर्शन घेतल्याशिवाय तुमची टेकरी पुरी होत नाही, हे बरोबरच आहे, दोन बहिणींच्या मधे पडणं म्हणजे काय ते आमच्या भाऊजींना विचारा.

गंमत म्हणजे खालच्या गावाचीही तीच तऱ्हा. बाजीरावांच्या काळात तुकोजी आणि जिवाजी हे दोघे पवार बंधू माळव्यात आले, 1728 च्या सुमाराला देवासला स्थिरावले, आणि गादी झाली दोघांची. थोरली पाती, धाकटी पाती. पण वाटणी करताना अर्धं उत्तर तुझं, अर्धं दक्षिण माझं असं सरळ काही केलं नाही, गावातल्या मुख्य रस्त्याची एक बाजू थोरल्या पातीकडे आणि दुसरी धाकट्या पातीकडे, पाण्याची आणि दिवाबत्तीची सोयही दोन्हीकडे वेगळी! म्हणजे रस्ता ओलांडला की राज्य बदललं. थेट 1948 साली दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन होईपर्यंत दोन राजे, दोन राजवाडे. एवढ्याशा गावात. एक पुरणयंत्र त्यापुढे काय आहे हो.

टेकरीच्या पायथ्याशी आणखी एक घर आहे, त्याच्यासमोरून जाताना बाबा गाडी हळू करायला लावायचे. कुमार गंधर्वांचं भानुकुल. 1948 मध्ये क्षयानं आजारी पडून ते देवासला आले, कोरडी हवा मानवेल म्हणून, आणि गाणं सक्त बंद. पाच-सहा वर्षं तो माणूस नुसता पडून कानावर येईल ते ऐकत राहिला, माळव्यातल्या बायकांची गाणी, भजनं, आणि उठला तो वेगळंच गाणं घेऊन उठला. बाबांना गाण्यातलं फार कळत होतं असं नाही, पण त्या घराला हात जोडूनच ते टेकरी चढायचे. आमच्याकडे तो दर्शनाचाच भाग.

आता रोपवे झालाय. ताई आणि भाऊजी तिकडे गेले, मी उगाच ताठ्यात म्हटलं मी पायऱ्यांनी येते, आणि विसाव्या पायरीला पस्तावले. दोन्ही बाजूला दुकानं, चुनऱ्या, लाल धागे, चिरंजी-नारळाची ताटं, एक जण तर माझ्या पुढेपुढे उलटा चालत, "दीदी, चप्पल यहीं रख दो, ताट ले लो, चप्पल का पैसा नहीं लगेगा". धाप लागल्यावर माणसाच्या मनात देव येतो म्हणतात, माझ्या मनात तुळजापूर आलं. तिथे भवानीकडे जायला पायऱ्या उतराव्या लागतात, महाद्वारातून खाली, गोमुखतीर्थावरून आणखी खाली. आणि इथे तीच भवानी भेटायची तर चढा. जाताना उतार आणि येताना चढ बरा की जाताना चढ आणि येताना उतार, यावर मी दोन लिंबू सरबतं प्यायले.

वर ताई दगडी कट्ट्यावर बसलेली होती, अगदी फ्रेश, माझ्याकडे बघून नुसती हसली. मग "आधी थोरलीकडे" म्हणाली. हे दरवर्षीचं. आमच्यात ती थोरली, त्यामुळे देवीच्या बाबतीतही तिचं ठाम मत आहे. रांग फारशी नव्हती. थोरलीसमोर ताईनं ओटी भरली, विडा ठेवला, माझ्या वाटचे तांदूळही स्वतःच घातले, मी काही बोलले नाही.

धाकटीपुढे मात्र मी एकटीच पुढे झाले. कातळातली ती शेंदरी मूर्ती आणि ते रोखून बघणारे डोळे, त्यांच्यापुढे काही मागायचं सुचतच नाही. सगळ्यांना सुखी ठेव वगैरे म्हणायला गेले आणि डोळ्यांसमोर आला आमच्या ओट्याखालचा दुसरा ड्रॉवर. त्यात लाटण्याच्या मागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुरणयंत्राची बारीक जाळी. घर आवरताना मीच काढून घेतली होती, ताईनं यंत्र पिशवीत घालायच्या आधी. यंत्र नेऊ दे, म्हटलं, पुरण कसं काढते बघू. पुजाऱ्यांनी "आगे बढ़ो माताजी" म्हटलं तेव्हा भानावर आले.

भैरवाचं दर्शन घेतलं आणि उतरताना मुकाट्यानं रोपवेनं आले.

खाली पोहे खाल्ले. टपरीवाल्यानं शेव घातली, भाऊजी पैसे द्यायला गेले, आणि ताई चमच्यानं कांदा बाजूला करत म्हणाली, "आईच्या त्या यंत्राची बारीक जाळी काही सापडत नाही गं. मोठ्या जाळीतून पुरण भरड पडतं."

"बघते," मी म्हटलं, "आमच्याकडे चुकून आली असेल एखादवेळेस."

"हो, चुकूनच आली असेल," ताई म्हणाली आणि पोह्यांवरच्या जिरावन मसाल्याची डबी माझ्याकडे सरकवली.