पद्मिनीच्या इंजिनाचं पाणी थांबवताना

कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचं १०८९ सीसी इंजिन पूर्ण उघडून बांधलं, तेव्हा बोअर-पिस्टनपेक्षा जास्त दिवस पाण्याच्या गळतीने खाल्ले. खाली बीडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड आणि मधे वर्षानुवर्षं ओतलेलं नळाचं पाणी. बीड गंजतं, ॲल्युमिनियम कुरतडलं जातं आणि जुना गाळ बारीक भोकं बुजवून बसतो. साफसफाईत तो गाळ निघाला की काल न गळणारं इंजिन आज गळतं.

उघडण्याआधी गळती कुठे आहे ते पाहून ठेवावं. इंजिन थंड आणि कोरडं असताना संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरायची आणि दहा मिनिटं चालवायचं. ओली रेघ जिथून सुरू होते ती जागा खरी, थेंब जिथे पडतो ती नव्हे. थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरच्या तोंडात सतत बुडबुडे येत असतील तर गॅस्केट (ब्लॉक आणि हेडच्या मधलं पॅकिंग) किंवा हेड गेलं असं धरून चाला. एखादा स्पार्क प्लग बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ निघाला, तर पाणी बहुतेक त्याच सिलिंडरमध्ये जातंय.

ब्लॉक कॉस्टिकच्या टाकीत उकळून घेतला. त्याच टाकीत हेड मात्र जाता कामा नये, कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं. उकळण्यापूर्वी सगळ्या डमी (ब्लॉकची भोकं बंद करणाऱ्या वाटीसारख्या चकत्या) काढल्या, नाहीतर वॉटर जॅकेटच्या, म्हणजे ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीच्या, तळाचा चिखल तिथेच राहतो. डमी काढताना ती सरळ आत ठोकायची नाही. आत गेली तर बोअरच्या (सिलिंडरच्या) भिंतीवर आपटते आणि बाहेर काढणं मुश्कील. एका कडेला छिन्नीने ठोसा द्यायचा, डमी आडवी फिरते, मग पकडीने ओढायची.

नवी डमी व्हर्नियरने मोजून घ्यावी, दुकानदाराच्या ‘चालेल की’वर नाही. भोकाची बैठक गंजाने खड्डेदार झाली असेल तर एमरीने गोलाकार घासायची, उभे ओरखडे पाडायचे नाहीत. उभा ओरखडा म्हणजे पाण्याला पन्हाळ. मी पितळेच्या वापरल्या, त्या गंजत नाहीत. बैठकीला सीलंटचा पातळ थर, वाटीचं तोंड बाहेर, आणि वाटीत सैलसर बसणारा सॉकेट घालून सरळ ठोकायचं. वाटीची कड भोकाच्या चॅम्फरच्या (तिरक्या कापलेल्या कडेच्या) किंचित आत गेली की थांबायचं. तिरकी गेली तर हातोडीने सरळ करत बसू नका, फेकून दुसरी घ्या.

हेडचं काम जास्त किचकट. ॲल्युमिनियम बीडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं: साडेतीनशे मिलिमीटर लांबीवर ७० अंश तापमान वाढलं की दोघांत सुमारे ०.३ मिमीचा फरक पडतो, आणि प्रत्येक तापण्या-थंडावण्यात गॅस्केट तेवढं घासलं जातं. म्हणून दोन्ही फेस, म्हणजे हेड आणि ब्लॉकचे एकमेकांवर बसणारे पृष्ठभाग, सपाट हवेत. स्ट्रेट एज लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून ०.०५ मिमीची फीलर (पातळ मापपट्टी) सरकवून पाहिली. कर्णावर ती मधे सहज जात होती. फेसिंग (मशीनवर फेस सपाट करणं) करून घेतलं, पण आधी पाण्याच्या भोकांच्या कुरतडलेल्या कडा वेल्डिंगने भरून. उलट क्रमाने केलं तर वेल्डिंगच्या उष्णतेने हेड पुन्हा वाकतं आणि फेसिंगचे पैसे वाया जातात.

जुनं गॅस्केट ॲस्बेस्टॉसचं असू शकतं. ते कोरडं खरवडू नका, वायर ब्रश तर अजिबात नको. ओलं करून प्लॅस्टिकच्या पट्टीने काढायचं. नवं गॅस्केट आधी ब्लॉकवर, मग हेडवर ठेवून प्रत्येक भोक जुळवून पाहायचं. पहिल्या गॅस्केटचं पाण्याचं एक भोक अर्धं झाकलेलं होतं, ते परत केलं. फेसवर सिलिकॉन फासायची सवय गॅरेजमध्ये सर्रास दिसते. दाबाने बाहेर आलेलं सिलिकॉन तुटून रेडिएटरच्या नळ्यांत अडकतं. हेड गॅस्केटला ते नकोच. जो स्टड (हेड धरून ठेवणारा आट्यांचा दांडा) वॉटर जॅकेटमध्ये उघडतो त्याच्या आट्यांना मात्र सीलंट हवं. कुठला उघडतो ते भोकात तार घालून कळतं. बंद भोकांत तेल किंवा पाणी साचलेलं ठेवलं तर आवळताना ते दबून ब्लॉकला तडा जाऊ शकतो. नट मधल्यापासून कडेच्यांकडे, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने), आकडा मॅन्युअलमधला.

सगळ्यात चिवट गळती थर्मोस्टॅटच्या झाकणाची निघाली. तीन वेळा पॅकिंग बदलून झालं. शेवटी जाड काचेवर २२० नंबरचा एमरी पेपर पसरून झाकण उलटं घासलं: दोन्ही कानांपाशी चकाकी, मधे काळा पट्टा जसाच्या तसा. कुणीतरी बोल्ट जोर लावून आवळल्याने कान खाली वाकले होते. पूर्ण फेस एकसारखा चमकेपर्यंत आठच्या आकड्यात घासलं, साधं कागदी पॅकिंग लावलं, गळती बंद. वॉटर बॉडीच्या (पाण्याच्या पंपाच्या) खालच्या बारीक भोकातून पाणी येत असेल तर सील गेलंय. ते भोक एम-सीलने बुजवलं की पाणी बेअरिंगमध्ये जातं.

इंजिन गाडीत टाकण्याआधी जमिनीवरच दाब देऊन पाहिलं, कारण नंतर काही डमींपर्यंत हात पोचत नाही. होजच्या (रबरी नळ्यांच्या) तोंडांना रबर शीट आणि लोखंडी पट्ट्या, एका पट्टीत ट्यूबलेस टायरचा वॉल्व्ह. आधी पाणी काठोकाठ भरायचं, मगच सायकलच्या पंपाने दाब द्यायचा. नुसती हवा दाबली आणि पट्टी सुटली तर ती गोळीसारखी उडते. दाब रेडिएटरच्या झाकणावर छापलेला, त्याहून जास्त नाही. पाणी खोलीच्या तापमानाचंच हवं, गरम भरलं तर ते निवताना दाब दाखवणारा काटा आपोआप उतरतो आणि नसलेली गळती शोधत बसावं लागतं. अर्धा तास काटा हलला नाही, मग पाणी सोडलं.

कूलंट एक भाग, डिस्टिल्ड वॉटर दोन भाग. पहिल्यांदा पूर्ण तापवून रात्रभर थंड होऊ दिलं. सकाळी एकेक नट पाव फेरा सैल करून पुन्हा टॉर्कला आणला. हेड किंचित बसतं, त्यामुळे टॅपेटचा गॅप (वॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतली फट) कमी होतो. तो लगेच तपासावा, नाहीतर वॉल्व्ह जळतात. होज क्लिपा मात्र शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा अर्धा-अर्धा आटा घेतात, नवं रबर दबतं.