हात खाली येतात तेव्हा

वडील गेल्यानंतर जवळजवळ वर्षभर मी उपासनेत गायले नाही. दर रविवारी जात होते, नेहमीच्या बाकावर बसत होते, मंडळी उभी राहिली की मीही उभी राहत होते. पण गीत सुरू झाले की घसा दाटून येई आणि ओठ मिटलेलेच राहत. त्या गीतांचे शब्द मला खोटे वाटत होते असे मुळीच नाही. ते खरे आहेत, पण सध्या माझे नाहीत, आणि जे माझे नाही ते देवापुढे माझे म्हणून कसे ठेवावे, एवढेच मला कळत नव्हते. शेजारी एक वयस्क बाई बसत. सगळी मंडळी त्यांना मावशी म्हणे. तीन-चार रविवार त्यांनी माझे गप्प राहणे पाहिले आणि मग एकदा गीतांचे पुस्तक माझ्यापुढे उघडे धरून हलकेच म्हणाल्या, “राहू दे गं. सध्या तुझ्या वाटचं मी म्हणते.”

या वाक्याचा अर्थ मला बऱ्याच वर्षांनी, बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाचा सतरावा अध्याय वाचताना उमगला. इस्राएल लोकांची अमालेकी लोकांशी लढाई चालू आहे, यहोशवा खाली रणांगणात आहे आणि त्यांचा पुढारी मोशे टेकडीवर हात उंचावून उभा आहे. हात वर असतात तोवर इस्राएलाची सरशी होते, खाली आले की अमालेक वरचढ ठरतो. मोशेचे हात जड होतात, तेव्हा अहरोन आणि हूर त्याच्या बुडाखाली एक धोंडा सरकवतात, त्याला बसवतात, आणि एक या बाजूने व एक त्या बाजूने असे त्याचे हात धरून ठेवतात. सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहिले, असे शास्त्र सांगते. इथे ‘स्थिर’ या अर्थी मूळ इब्री भाषेत जो शब्द आला आहे तो ‘एमुना’, आणि नीतिमान आपल्या विश्वासाने जगेल असे हबक्कूक संदेष्टा सांगतो तेव्हा तिथेही हाच शब्द आहे. प्रार्थनेच्या शेवटी आपण म्हणतो तो ‘आमेन’ही याच धातूचा. म्हणजे पवित्र शास्त्रात या शब्दाची एक अगदी आरंभीची जागा आहे ती थकलेल्या माणसाच्या हातांची, आणि ते हात दुसऱ्या दोघांनी धरलेले आहेत.

तोपर्यंत माझी समजूत वेगळी होती. आयुष्य बदलले तरी विश्वास अढळ राहतो असे आपण म्हणतो, तेव्हा मला वाटे की आपण अढळ राहायचे आहे: तोच उत्साह, तोच आवाज, प्रार्थनेला तितकाच वेळ. आज पन्नाशी ओलांडल्यावर मागे पाहते तेव्हा दिसते की माझा विश्वास कुठल्याच दोन दशकांत एकसारखा नव्हता. लहानपणी तो आईचा होता आणि मी तो तिच्याबरोबर म्हणत होते. तारुण्यात तो वादाचा विषय होता. पाळकांना अडवून प्रश्न विचारण्यात मला धन्यता वाटे, आणि त्यांनीही कधी टाळले नाही, याबद्दल मी अजून कृतज्ञ आहे. मुले तान्ही असताना तो एका वाक्याचा झाला. रात्री तिसऱ्यांदा उठताना ‘प्रभू, बळ दे’ यापलीकडे काही सुचत नसे, आणि सुचले असते तरी म्हणायला जाग राहिली नसती. या काळात आपण देवापासून दूर गेलो असे मला वाटत राहिले. आता तसे वाटत नाही. त्या एका वाक्यात काहीही कमी नव्हते.

इब्री लोकांस पत्रातले वचन आपल्या सगळ्यांना पाठ आहे: येशू ख्रिस्त काल, आज आणि युगानुयुग तोच आहे. परंतु त्याच्या आधीचे वचन आपण बहुधा सोडून देतो, आणि माझ्या मते ते सोडू नये. ज्यांनी तुम्हांला देवाचे वचन सांगितले त्या तुमच्या पुढाऱ्यांची आठवण ठेवा, त्यांच्या आयुष्याचा शेवट कसा झाला हे लक्षात घ्या, असे ते सांगते. म्हणजे ज्या पिढीने यांना शिकवले ती बहुधा सरलेली होती, आपला आधार गेला असे लोकांना वाटत असणार, आणि त्या रिकाम्या जागेपुढे उभे राहून लेखक सांगतो की ख्रिस्त मात्र तोच आहे. वाचणाऱ्यांनी तसेच राहावे असे तिथे म्हटलेले नाही. ‘उपदेशक’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातल्या 14 जोड्यांतही रडण्याचा समय आणि हसण्याचा समय सारख्याच मानाने शेजारी बसवले आहेत. कोणता समय विश्वासणाऱ्याला शोभतो आणि कोणता नाही, अशी वर्गवारी उपदेशक करत नाही.

शोकाच्या काळात मला स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी एकच स्तोत्र वाचवत होते, ते 88वे. बहुतेक विलापस्तोत्रांत शेवटाकडे कुठेतरी आशेचे वळण येते, स्तुतीचा एखादा तरी चरण येतो. या स्तोत्रात तो येत नाही. ते अंधारातच संपते. देवाला उद्देशून एवढे कडू बोल शास्त्रात ठेवलेले आहेत, कोणीही ते गाळले नाहीत किंवा त्यांना गोड शेवट जोडला नाही, याचा मला त्या दिवसांत फार मोठा दिलासा वाटला. तक्रार ज्याच्याविषयी आहे त्याच्याकडेच ती नेणे, आणि तीही दिवसरात्र नेत राहणे, हा विश्वासाचाच एक प्रकार आहे. विलापगीतातली ती प्रसिद्ध वचने, परमेश्वराची करुणा रोज सकाळी नवी होते ही, पुस्तकाच्या अगदी मध्यावर, 66 वचनांच्या तिसऱ्या अध्यायात येतात. त्यांच्या आधीही उद्ध्वस्त यरुशलेम आहे आणि नंतरही आहे. इ.स.पू. 586च्या त्या विध्वंसाचे वर्णन चौथ्या आणि पाचव्या अध्यायांत पुन्हा सुरू होते, आणि पुस्तक एका प्रश्नासारख्या विनवणीवर थांबते. आपण ती दोन वचने चौकटीत घालून भिंतीवर लावतो, यात चूक काही नाही, पण ज्याने ती लिहिली त्याच्या घराला त्या वेळी भिंती उरल्या असतील का, हेही कधीतरी मनात यावे.

एक गोष्ट मात्र मला कोणी आधी सांगितली नव्हती. दुःखापेक्षा सुबत्तेच्या काळात माझा विश्वास अधिक क्षीण झाला. मुले मोठी झाली, कर्ज फिटले, प्रकृती बरी होती, आणि अशा निवांत तीन-चार वर्षांत प्रार्थना कधी आटली ते मला समजलेसुद्धा नाही. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात मोशे नेमका याच ऋतूविषयी सावध करतो: खाऊन तृप्त व्हाल, चांगली घरे बांधून त्यांत राहाल, गुरेढोरे आणि सोनेरुपे वाढेल, तेव्हा परमेश्वराला विसराल. चाळीस वर्षे रानात चाललेल्या लोकांना तो रानाची नव्हे, भरल्या घराची भीती घालतो. अंधारात हात धरणारे कोणीतरी पुढे येते. सुखात आपले हात खाली आले आहेत हे शेजारच्यालाही दिसत नाही.

प्रेषित पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा शेवट मी अलीकडे वारंवार वाचते. तो बंदिवासात आहे, आपल्या जाण्याची वेळ जवळ आल्याचे त्याला ठाऊक आहे, देमास सोडून गेला आहे, लूक तेवढा जवळ आहे. विश्वास राखला आहे, धाव संपवली आहे, हे तो नुकतेच लिहून चुकला आहे, आणि लगेच पुढच्या काही ओळींत तो मागणी करतो: त्रोवसात कार्पाजवळ राहिलेला झगा घेऊन ये, पुस्तके आण, विशेषतः चर्मपत्रे आण, आणि होईल तर हिवाळ्यापूर्वी ये. ज्याने एवढ्या मंडळ्यांना धीर दिला त्याला थंडीची काळजी आहे, एकटेपणाची आहे, वाचायला काही नाही याची आहे, आणि ती लिहून दाखवण्यात त्याला काही कमीपणा वाटत नाही. प्रभू माझ्याजवळ उभा राहिला असे तो त्याच पत्रात लिहितो, आणि तरीही झगा मागतो. ही दोन्ही वाक्ये एकाच पानावर आहेत म्हणून मला त्या पानाचा भरवसा वाटतो.

मावशी आता उपासनेला येऊ शकत नाहीत. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, पायऱ्या चढवत नाहीत. रविवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाते आणि त्या सांगतील ते वाचून दाखवते. बहुधा त्या 71वे स्तोत्र सांगतात, म्हाताऱ्या माणसाची प्रार्थना आहे ती: माझी शक्ती सरेल तेव्हा मला टाकू नकोस, केस पिकले तरी मला सोडू नकोस. गेल्या रविवारी मला घरी लवकर जायचे होते म्हणून मी जरा घाईने वाचत होते. अठराव्या वचनावर, जिथे तो पुढच्या पिढीला देवाचे सामर्थ्य सांगेपर्यंतचा अवधी मागतो, तिथे त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“थांब,” त्या म्हणाल्या. “ते परत वाच. सावकाश. मला तुझ्याबरोबर म्हणायचंय.”