पुढं 39, मागं 43

जुनी जीप बांधून पाहिजे म्हणून येणारा माणूस आधी मोबाइलवरचा फोटो दाखवतो. मी आधी आरसी बुक मागतो. निम्मी गिऱ्हाइकं इथंच गळतात, आणि गळावीतच. चासी कुठली, नंबर कुणाचा, पासिंग कधी संपलं याचा पत्ता नसेल तर गाडीला कितीही झकास रंग मारा, ती बांधावरच फिरवायची. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी गाडी करता येत नाही आणि इंजिन बदललं तर त्याची नोंद बुकात लागते. हरियाणातल्या मंडी डबवालीला कोऱ्या करकरीत जीपबॉड्या मिळतात, मडगार्ड मिळतात, काचेची फ्रेम मिळते. कागद मिळत नाहीत.

विट्याकडच्या तात्यांकडं कागद होते. घराणं गलाईचं. खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत, तसे तात्यांचे धाकटे भाऊ भटिंड्याला. डबवाली तिथून जवळच. त्यामुळं बॉडी तिकडून ट्रकनं आली, भाड्यासकट इकडच्या निम्म्या किमतीत. चासी मात्र घरची. वडिलांच्या काळातली उंच बोनेटची महिंद्रा, गोठ्याशेजारी पत्र्याखाली पडून होती.

हे उंच बोनेट म्हणजे सीजे-थ्री-बी. युद्धातल्या विलीस जीपच्या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये होते, त्यामुळं इंजिन बुटकं आणि बोनेटही बसकं. पुढं इनटेकचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नेले, इंजिनची उंची वाढली, आणि ते झाकायला 1953 मध्ये अमेरिकेत ही उंच नाकाची जीप काढली. त्यांनी ती 1968 ला बंद केली. आपल्याकडं मात्र महिंद्रानं तो चेहरा त्यानंतरही कितीतरी वर्षं चालवला, म्हणून आपल्या पिढीला जीप म्हटलं की तेच नाक आठवतं. तात्यांच्या गाडीतलं मूळचं पेट्रोल इंजिन कधीच गेलं होतं. त्याजागी प्यूजोचं डिझेल, एक्सडीपी 4.90 होतं. चार सिलिंडर, 90 मिलिमीटरचा बोअर, 2112 सीसी. त्याची नोंद बुकात होती, म्हणून मी काम घेतलं.

चासी आमच्याकडं आली ती चाकांवर उभी. गाडी मूळची फोर-व्हील, पण मधल्या काळात कुणीतरी पुढचं हौसिंग, म्हणजे चाकं फिरवणारे गिअर पोटात असलेला एक्सल, विकून साधा एक्सल घातला होता. त्या दिवसांत हे सर्रास चालायचं. डिझेल वाचतं, देखभाल कमी, आणि हौसिंगचे पैसे हातात. तात्यांना वडिलांची गाडी होती तशी पाहिजे होती. त्यांनी भंगारातून पुढचं हौसिंग मिळवलं आणि तिकडच्याच एका मिस्त्रीकडून बसवून घेतलं. नवे पाटे, नवे शॅकल बुश, सगळं व्यवस्थित. आमच्याकडं काम होतं इंजिन, वायरिंग, ब्रेक, बॉडी बसवणं आणि शेवटी ट्रायल.

बॉडीचं फार सांगत नाही. डबवालीच्या बॉडीची भोकं आणि चासीचे ब्रॅकेट कधी जुळत नाहीत, तसे इथंही जुळले नाहीत. फक्त जाळीवरून वाद झाला. युद्धातल्या विलीसच्या जाळीत नऊ फटी, नंतरच्या सिव्हिल जीपमध्ये सात. भटिंड्याहून नऊवाली आली. तात्यांचा पुतण्या खूश, 'मिलिटरी लुक' म्हणे. उंच बोनेटला नऊ फटी म्हणजे निव्वळ सोंग. मी सातवाली शोधून आणली. बिलात लावली नाही, पण ती नऊवाली माझ्या दारातून बाहेर जाऊ दिली नाही.

ट्रायलच्या दिवशी आम्ही मिरजेहून पंढरपूर रस्त्यानं भोशाकडं निघालो. तिथं दंडोबाच्या पायथ्याला मुरमाचे रस्ते आहेत, चढ आहे, वर्दळ नाही. डांबरावर गाडी देखणी चालली. ब्रेक सरळ, स्टिअरिंग हलकं, प्यूजोची ती टकटक सोडली तर तक्रारीला जागा नाही. तात्या चालवत होते, मी शेजारी, मागं पुतण्या आणि आमच्या गॅरेजात काम शिकणारा पोरगा.

मुरमावर आल्यावर मी पुढची चाकं जोडायला सांगितली. या गाडीत ट्रान्सफर केसचे, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीचे, दोन छोटे दांडे असतात. एक पुढची चाकं जोडायचा, एक हाय-लोचा. तात्यांनी दांडा ओढला आणि गाडीचा सूरच बदलला. स्टिअरिंग जड झालं. पुढच्या चाकांखालून खडे उडायला लागले, तेही सपाटीवर. पायाखाली काहीतरी ताणलं जातंय आणि मधेच सुटतंय, असा गचका बसत होता. "नवीन आहे, बसंल हळूहळू," पुतण्या मागून म्हणाला. नवीन बूट बसतो, गिअर बसत नाहीत.

मी थांबा म्हणेपर्यंत तात्यांनी गाडी वळवून डांबरावर घेतली होती. पाचपन्नास फूट गेली असेल. टायर किंचाळलं, मागून एक उडी, आणि इंजिन बंद. दांडा सोडवायला गेलो तर जागचा हलेना. तात्यांनी दोन्ही हातांनी ओढला, पुतण्यानं पाय लावला.

"गिअरबॉक्स गेला," पुतण्या.

"गिअरबॉक्स गेला असता तर एवढा घट्ट धरला नसता," मी म्हटलं. "तात्या, खाली उतरा. दांड्याला हात लावू नका."

मी मागं चालत मुरमापर्यंत गेलो. आदल्या दिवशी पावसाचं भुरंगट येऊन गेलं होतं, माती ओली होती, चाकोरी छान उमटलेली. वळणावर पुढच्या आणि मागच्या चाकांचे माग वेगळे पडतात, तिथं बघायचं. पुढच्या टायरनं खडे मागं फेकले होते, म्हणजे चाक जमिनीपेक्षा जास्त फिरत होतं. मागच्या टायरच्या नक्षीचे ठसे मात्र पुसलेले, लांबट ओढलेले. ते चाक फिरायला पाहिजे त्यापेक्षा कमी फिरत होतं, फरफटत येत होतं. एका जुवाला दोन चालींचे बैल जुंपले होते. गाडी एक, इंजिन एक, आणि पुढची धुरी मागच्या धुरीला ओढून नेत होती.

अडकलेला दांडा सोडवायची साधी रीत म्हणजे गाडी थोडी रिव्हर्स घेणं, म्हणजे हौसिंगकडं जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टमधला पीळ उलटा सुटतो. पण मला तो पीळ बघायचाच होता. पोराला पुढच्या उजव्या चाकाजवळ जॅक लावायला सांगितलं, हात चाकापासून लांब ठेवून. बाकीच्या चाकांना दगड लावले. टायर जमिनीवरून सुटायच्या बेतात आलं, आणि खडकन वीतभर फिरून थांबलं. इंजिन बंद, कुणाचा हात नाही. पुतण्या दोन पावलं मागं सरला. पोरानं माझ्याकडं पाहिलं. त्या चाकात बोटं अडकली असती तर मोडली असती, हे त्याला सांगायची गरज उरली नव्हती. आता दांडा दोन बोटांत निघून आला.

मग खडू काढला. खडू आणि फडकं खिशात नसलेला माणूस मिस्त्री नव्हे, असं आमचे वस्ताद म्हणायचे. मोजायची पद्धत सोपी आहे. एक चाक जमिनीवर राहू द्यायचं, दुसरं उचलायचं आणि हातानं बरोब्बर दोन फेरे फिरवायचे. डिफरन्शिअलमुळं क्राउनचा, म्हणजे हौसिंगमधल्या मोठ्या दातेरी चाकाचा, एकच फेरा होतो, आणि तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट जितके फेरे घेईल तो त्या हौसिंगचा रेशो. यात एक गोम आहे. या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाशी ड्रममध्ये असतो. मागचं एक चाक उचललं की तो ओढून उपयोग नाही, गाडी धरत नाही, आणि मोजायचं तर तो सोडावाच लागतो. म्हणून दगड दोनदा तपासले.

आधी मागचं. शाफ्टच्या जॉइंटवर खाली खडूची रेघ मारली. पोरगा गाडीखाली मोठ्यानं मोजत होता. पाच पूर्ण झाले, आणि वर तीन अष्टमांश. रेघ बाजूला चढून थांबली. मग पुढचं. तशीच रेघ, तसेच दोन फेरे. चार पूर्ण झाले, पाचवा पुरा व्हायला एक अष्टमांश कमी.

"मामा, हितं अर्धा फेरा कमी पडतोय," पोरगा खालून म्हणाला. "परत मोजू का?"

परत मोजला. तेच आलं.

मागं 43 दातांचं क्राउन आणि त्याला फिरवणारं 8 दातांचं छोटं पिनियन, म्हणजे 5.38. सीजे-थ्री-बीचा मूळचा रेशो तोच. पुढं आलेलं हौसिंग 39-8, म्हणजे 4.88. युद्धातल्या विलीसलाही हाच होता. दोन्ही शाफ्ट एकाच ट्रान्सफर केसमधून सारख्या वेगानं फिरतात. त्यामुळं मागचं चाक 39 फेरे घेतं तेवढ्यात पुढचं 43 घ्यायला बघतं. टायर 6.00-16, घेर सव्वादोन मीटरच्या आत. 39 फेऱ्यांत नव्वदेक मीटर जाईपर्यंत पुढच्या-मागच्यात नऊ मीटरची तफावत पडते. ती मुरमावर घसरून निघते, डांबरावर निघायला जागा नसते. टू-व्हीलमध्ये पुढचा शाफ्ट मोकळाच असतो, म्हणून डांबरावर गाडी इतकी शहाण्यासारखी आली होती.

बाहेरून दोन्ही हौसिंग बघून काही कळत नाही. कव्हरच्या बोल्टखाली पत्र्याची एक चिमुकली पट्टी असते, तिच्यावर दातांचे आकडे ठोकलेले असतात. भंगारात जाईपर्यंत ती पट्टी कुणी ठेवत नाही. आमच्याकडं जुन्या जीपवर मायेनं काम करणारे खूप आहेत. चकचकीत पावडर कोटिंग करतात, पितळी नट घालतात, कॅनव्हासच्या हूडला खास शिंपी शोधतात. दोन हौसिंगचे दात मात्र मोजत नाहीत. मला हे न सुटणारं कोडं आहे. कामाला खडू लागतो आणि दहा मिनिटं.

तात्यांनी तिथंच रस्त्याकडेला बसून विक्रेत्याला फोन लावला. पलीकडचा माणूस शांत होता. "हौसिंग फोर-व्हीलचंच दिलंय की नाही? मग?" असं म्हणाला. तात्यांनी फोन ठेवला आणि मला विचारलं, "मिस्त्री, आता बदलायचं काय? पुढचं का मागचं?"

खरं तर माझं मत मागचं बदलून दोन्हीकडं 39-8 करावं असं होतं. डिझेल इंजिनाला ते मानवतं. ताशी 60 किलोमीटरला टॉप गिअरमध्ये 43-8 नं इंजिन मिनिटाला 2450 फेऱ्यांच्या आसपास फिरतं, 39-8 नं 2200. तेवढीच कानाला विश्रांती. तात्या म्हणाले, "मला कुठं पळायचंय? घाटावर ट्रेलर ओढला म्हणजे झालं." निर्णय शेवटी पिनियननंच केला. गॅरेजमध्ये पुढचं हौसिंग उघडलं तर पिनियनच्या दातांवर खड्डे पडले होते. ते सेट कसंही टिकणारं नव्हतं.

43-8 चा नवा जोड मागवला. क्राउन आणि पिनियन जोडीनंच येतात, घासून जुळवलेले, दोघांवर एकच नंबर कोरलेला. एक जुनं एक नवं घातलं की ओरडणारच. मग शिमांचा खेळ. पिनियन किती आत, क्राउन किती जवळ, हे कागदासारख्या पातळ पट्ट्या घालून-काढून ठरतं. तेलात शेंदूर कालवून क्राउनच्या चारपाच दातांना लावायचा, पिनियन दोन्हीकडं फिरवायचं आणि शेंदूर कुठं पुसला जातो ते बघायचं. डाग दाताच्या टोकाकडं गेला तर पिनियन आत सारायचं, बुडाला गेला तर बाहेर घ्यायचं. दाताच्या मधोमध लांबट, स्वच्छ डाग पडला की हात थांबवायचा. पोरानं पहिल्यांदा हे पूर्ण स्वतः केलं. मी फक्त डायल गेज धरला. त्याच्या नखांतला शेंदूर आठवडाभर निघाला नाही, त्याची आई विचारत होती कुठल्या देवाला गेला होता म्हणून.

दुसऱ्या ट्रायलला सांगण्यासारखं काही घडलं नाही. तोच मुरूम, तोच चढ, लो गिअरमध्ये गाडी पाय न लावता चढली, आणि वर दांडा सुटला.

पुढं पासिंगची वेळ आली. 15 वर्षांवरच्या खासगी गाडीला दर 5 वर्षांनी नूतनीकरण लागतं. तपासणीला चासी नंबरची पेन्सिल छाप घेतली, इंजिन नंबर बुकाशी ताडला, दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, हॉर्न वाजवून घेतला. तपासणारे साहेब जीपचे शौकीन निघाले, जाळीच्या फटी मोजून "सात, बरोबर" म्हणाले. पुतण्यानं माझ्याकडं बघायचं टाळलं. फोर-व्हीलचा दांडा कुणी ओढला नाही.

"मिस्त्री," तात्या माझ्या कानाशी लागले, "फोर-व्हील लावून दाखवू का साहेबांना?"

"आधी सिमेंटवरनं खाली घ्या," मी म्हटलं.