नाण्यासोबतची चिठ्ठी : आमची वाटचाल

आमच्या फर्मला दुकान नाही, पाटी नाही. इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्स गावातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत एक तिजोरी आहे, महोगनीच्या उथळ खणांचं एक कपाट, एक सूक्ष्मदर्शक आणि दोन खुर्च्या. एकीवर मी बसते, दुसरीवर नवरा. २००९ पासून आम्ही रोमन सम्राटांची नाणी विकतो. पैठणला आईला कुणी विचारलं, की ती सांगते, "मोडीचं काहीतरी करतात."

मोड, म्हणजे वितळवायला आलेले जुने दागिने, हा शब्द आमच्या घरचाच. अण्णा, माझे वडील, पैठणचे सराफ. दुकानात मोडीसोबत शिवराया, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी, यायच्या, कधी एखाद्या म्हातारीच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ यायची. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचं सोन्याचं नाणं, हे मला अण्णांनी सांगितलं तेव्हा मी चौथीत होते. पावसाळा सरला की गोदाकाठी मणी आणि सातवाहनांची नाणी वर येत. पोरं ती खिशात घालून फिरत. त्यामुळे जुनं नाणं हातात घेऊन थरारून जाण्याची सवय मला कधी लागलीच नाही. वजन, कड आणि रंग याच क्रमानं बघायची सवय मात्र लागली, आणि पुढे तीच कामाला आली.

२००९ च्या मंदीत नवऱ्याची नोकरी गेली. घराचा हप्ता कसा भरायचा या विवंचनेत मी असताना त्यानं चाळीस पौंड देऊन न धुतलेल्या पन्नास रोमन नाण्यांची पिशवी विकत आणली. मातीचे गोळे होते नुसते. सेंट ऑल्बन्स म्हणजे रोमनांचं वेरुलॅमियम. मुलाच्या शाळेची सहल तिथल्या संग्रहालयात गेली होती आणि बाप-लेकांना वेड लागलं होतं. मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी अण्णांनी दिलेलं भिंग काढून ओट्याशी बसले.

पन्नासांतली अकरा ओळखू आली. दोन शिपाई आणि मध्ये निशाण, म्हणजे ‘ग्लोरिया एक्झर्सिटस’, सैन्याचा गौरव, सम्राट कॉन्स्टंटाइनच्या घराण्याचं. घोड्यावरून कोसळणारा शत्रू, म्हणजे ‘फेल टेम्प रेपरॅशिओ’, चांगले दिवस परत आले, ३४८ पासून पुढचं. (चांगले दिवस आले असं नाण्यावर छापावं लागतं तेव्हा ते आलेले नसतात, असं नवरा म्हणतो. तो त्या वेळी बेकार होता.) ती अकरा आम्ही कागदी पाकिटांत घालून गावच्या शनिवारच्या बाजारात नेली. संध्याकाळी पंचाऐंशी पौंड हातात होते.

पहिली चार वर्षं अशी पिशव्यांवरच गेली. पाण्यात भिजवायचं, तेही डिस्टिल्ड, नळाचं नाही, कारण नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. पाणी बदलत राहायचं, आठवडेच्या आठवडे. मग सूक्ष्मदर्शकाखाली दातकोरणं आणि सुई. घाई करणारा माणूस या धंद्यात पहिल्या महिन्यातच कळतो. नाण्यावरचा हिरवा-तपकिरी थर म्हणजे पॅटिना, तीच त्याची कातडी. ती सोलली की नाणं मेलं.

हे मी गिऱ्हाइकांना सांगायचे आणि घरातच घात झाला. २०११ च्या उन्हाळ्यात आई आली होती. टेबलावर सम्राट हेड्रियनचं एक सेस्टर्शियस, म्हणजे मोठं रोमन नाणं, होतं, आमचं तोवरचं सगळ्यात महागडं, एकशे ऐंशी पौंडांना ठरलेलं. सेस्टर्शियस पितळेचं असतं. आईनं ते चिंच आणि मीठ लावून घासलं. संध्याकाळी ताटलीत ठेवून माझ्यापुढे आणलं, "किती काळं पडलं होतं गं, बघ आता." हेड्रियन देवघरातल्या समईसारखा लखलखत होता. मी काही बोलले नाही. तो विकलाही नाही, अजून माझ्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून आहे.

२०१० साली सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ शेतात एका मडक्यात ५२,५०३ रोमन नाणी सापडली आणि छंदाला एकदम तेजी आली. २०१२ मध्ये तर आमच्याच गावाजवळ १५९ सॉलिडस, म्हणजे रोमन सोन्याची नाणी, निघाली. ती आज इथल्या संग्रहालयात आहेत. त्या महिन्यात फोन ठेवायला उसंत नव्हती. लोक आजोबांच्या कोटाची बटणंसुद्धा घेऊन यायचे. इंग्लंडमध्ये १९९६ चा कायदा आहे: असा खजिना सापडला तर चौदा दिवसांत कॉरोनर या सरकारी अधिकाऱ्याला कळवायचं. संग्रहालयानं घेतला तर शोधणाऱ्याला आणि जमीनमालकाला मोबदला मिळतो. त्यामुळे लोक बऱ्यापैकी सांगतातही.

त्याच सुमारास आमचं नाक कापलं गेलं. एका नाणेमेळ्यात एका व्यापाऱ्याकडून मी सम्राट ओथोचा दीनार, म्हणजे रोमन चांदीचं नाणं, घेतला. इसवी सन ६९ हे चार सम्राटांचं वर्ष, त्यात ओथो गादीवर जेमतेम तीन महिने, म्हणून त्याची नाणी दुर्मीळ. वजन सव्वातीन ग्रॅमच्या वर, नीरोनंतरच्या दीनाराला शोभेल असं. चांदी खरी, कडेला जोड नाही. पाण्यात तोलून घनता काढली, तीही बसली. आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला, निवृत्त शिक्षकांना, तो सहाशे पौंडांना दिला. पाच महिन्यांनी दुसऱ्या मेळ्यात दुसऱ्या टेबलावर ओथो दिसला. कानामागे तोच ओरखडा. केसांच्या टोपात तीच खोच. मुद्रालेखातलं तेच अक्षर अर्धं कापलेलं. हातोड्यानं, एकेक करून, हातात धरलेल्या ठशाखाली पाडलेली दोन नाणी एकाच ठशाची असू शकतात, पण नंतरच्या वापरात त्यांना एकाच जागी एकच ओरखडा पडत नाही. कुणीतरी एका खऱ्या नाण्यावरून ठसा काढून घाणा घातला होता.

मी गाडीतूनच अण्णांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "पोरी, मला कशाला फोन केलास? आधी गिऱ्हाइकाला कर."

केला. पैसे घेऊन त्यांच्या घरी गेलो. व्यापाऱ्यानं आम्हाला काही परत दिलं नाही. पावतीवर ‘रोमन दीनार’ एवढंच होतं, कुणाच्या संग्रहातला, कुठून आला, काही नाही. आणि खरं म्हणजे मीही शिक्षकांना तशीच पावती दिली होती.

तिथून आमची चिठ्ठी सुरू झाली. जुने संग्राहक प्रत्येक नाण्याखाली एक छोटी गोल चिठ्ठी ठेवत: सम्राट, टाकसाळ, कोणाकडून, कधी, किती किमतीला. त्या चिठ्ठ्या लोक फेकून देतात आणि नाणं पोरकं होतं. आम्ही ठरवलं, चिठ्ठी नसलेलं, निदान जुन्या लिलावाच्या यादीत सापडत नसलेलं नाणं घ्यायचं नाही. पिशव्याही बंद. त्या माती लागलेल्या पिशव्या कुठून येतात, कोणत्या शेतातून, कोणत्या रात्री, हे विचारलं की विकणारा खांदे उडवतो. २०१३ साली विक्री एक तृतीयांशानं घसरली आणि नवऱ्यानं पुन्हा अर्धवेळ नोकरी धरली. ती त्यानं अजून सोडलेली नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर हे सगळं फार शूर वाटेल.

खोट्या ओथोला आम्ही वेगळ्या खणात ठेवलं. आता त्या खणात बावीस नग आहेत आणि नवीन गिऱ्हाइकाला मी आधी तोच खण दाखवते. त्याच्या शेजारी मुद्दाम एक प्राचीन खोटं ठेवलंय: आत तांबं, वरून चांदीचा पत्रा, रोमन काळातल्याच कुणा लबाडाचं काम. पत्रा फुटून तांबं डोकावतं. त्याला संग्राहक आनंदानं पैसे मोजतात. अठराशे वर्षांपूर्वीची फसवणूक विकता येते, मागच्या वर्षीची नाही.

अण्णांना सगळ्यात रस होता तो कसाचा. मी त्यांना दर काही महिन्यांनी फोटो आणि आकडे पाठवायचे. ऑगस्टसचा दीनार जवळपास निव्वळ चांदी. सेप्टिमियस सेव्हेरसनं ती निम्म्यावर आणली. काराकल्लानं २१५ मध्ये नवीन नाणं काढलं, मोल दोन दीनारांचं आणि चांदी दीडाचीच. २७० च्या आसपास त्याच नाण्यात शेकडा दोन-तीन चांदी उरली, वरून नुसता मुलामा. "गवळ्यानं रोज एक भांडं पाणी वाढवावं तसं," अण्णा म्हणाले. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टईच्या सोन्याच्या नाण्यांचा फोटोही त्यांनी बराच वेळ पाहिला. १८९८ मध्ये तिथे ५०१ रोमन ऑरियस सापडले, बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरून छिन्नीचा आडवा घाव. त्यातले बरेच आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. नाणी चलनातून बाद करण्यासाठी घाव घातले असावेत, असं अभ्यासक मानतात. अण्णांचं मत वेगळं नव्हतं, पण त्यांनी घावाकडे बोट दाखवलं, "हात बसलेला आहे. सराफाचंच काम."

भारतातून फोटो मलाही येतात. "ताई, शेतात रोमन नाणं सापडलंय, किती देता?" काहीच देत नाही. शंभर वर्षांवरचं नाणं म्हणजे पुरावस्तू, १९७२ च्या कायद्यानं ते देशाबाहेर पाठवता येत नाही. आणि जमिनीत सापडलेलं गुप्तधन दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर १८७८ पासून ते कलेक्टरला कळवायचं असतं. असं लिहिलं की बहुतेकांचं उत्तर येत नाही. एकदाच एका मुलीनं संग्रहालयाचा पत्ता विचारला.

२०२० मध्ये मेळे बंद पडले आणि घरात अडकलेली माणसं छंद शोधू लागली. आमच्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं वर्ष ते. २०२१ पासून ब्रेक्झिटमुळे युरोपात पाठवायच्या पाकिटांना कस्टम्सचे फॉर्म लागले आणि जर्मनीतली निम्मी गिऱ्हाइकं गेली. असो.

नवीन माणसं विचारतात, सुरुवात कुठून करू? बारा सीझरांच्या, म्हणजे ज्युलियस सीझरपासूनच्या बारा शासकांच्या संचाच्या नादी लागू नका, त्यात ओथो आहे. एखादी टाकसाळ धरा. लंडनची टाकसाळ ब्रिटनमध्ये सत्ता बळकावलेल्या कॅरॉशियसनं २८६-८७ च्या सुमारास सुरू केली आणि कॉन्स्टंटाइनच्या काळात, ३२५ मध्ये ती बंद झाली. चाळीसएक वर्षांची गोष्ट, आवाक्यातली नाणी आणि खालच्या बाजूला पी-एल-एन अशी टाकसाळीच्या खुणेची अक्षरं शोधण्याची मजा. मऊ प्लॅस्टिकची पाकिटं वापरू नका, त्यातलं पीव्हीसी नाण्यावर हिरवा चिकटा सोडतं. फिकट हिरवी भुकटी दिसली तर ते नाणं लगेच इतरांपासून वेगळं करा.

मागच्या वर्षी ते शिक्षक गेले. त्यांच्या मुलीनं संग्रह आमच्याकडेच आणला, बुटांच्या दोन खोक्यांत. एकशे चाळीस नाणी, प्रत्येकाखाली चिठ्ठी. एका छोट्या कॉन्स्टंटाइनखाली माझी जुनी चिठ्ठी होती, ‘अँटिओक’ लिहिलेली. सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. एस-एम-ए नंतरचं झिजलेलं अक्षर एन नव्हतं, एल होतं. अलेक्झांड्रिया. त्यांनी ते ओळखलं होतं. माझ्या अक्षराखाली पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह काढलं होतं आणि मला कधी सांगितलं नव्हतं. मी नवीन चिठ्ठी लिहिली आणि जुनी तिच्याखाली तशीच ठेवली. नाणं बारा पौंडांचं आहे.