टेबलाचं माप

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे माझा अशील उलटतपासणीला उभा होता आणि माझी छाती धडधडत होती, कारण तो फार चांगली उत्तरं देत होता. गाव, दुकान, मुलांची नावं, सगळं बरोबर. धंद्याने शिंपी. ट्रकने मोटारसायकलला उडवलं, डोक्याला मार बसला, नऊ दिवस शुद्ध नव्हती. हातपाय मात्र शाबूत. अपंगत्वाच्या दाखल्यावर ४० टक्के. विमा कंपनीचे वकील म्हणाले, "चालतात, बोलतात, हात चालतात. मग शिवणकामाला अडचण काय?"

डोक्याच्या माराचं हेच अवघड असतं. ना प्लास्टर, ना कुबडी. कोर्टाला दाखवायचं काय?

मग पत्नीची साक्ष झाली. "हे माप घेतात, पण वहीत लिहीपर्यंत आकडा जातो. पुन्हा घेतात, पुन्हा जातो. मग गिऱ्हाइकावर ओरडतात. आधी यांचा आवाज कधी चढला नव्हता." घरी गॅस चालू राहतो म्हणून तिने पोळ्या करायची कामं सोडली होती.

न्यायाधीश साहेबांनी त्याला पुन्हा बोलावलं. टेप खिशात होतीच. "हे टेबल मोजा बरं." त्याने एका हाताने टेप सोडली, दुसऱ्याने ताणली, वाकून पाहिलं. काय सफाई! "साडेबावन्न इंच." साहेबांनी मुलांच्या शाळेचे दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "टेबल किती भरलं?"

त्याने हातातल्या टेपकडे पाहिलं. "कुठलं टेबल, साहेब?"

पत्नीने मान खाली घातली. याहून पक्का पुरावा मी आणू शकले नसते. पण चारचौघांत त्याला असं उघडं पडावं लागलं, हे मला अजून सलतं.

युक्तिवादात मी सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल ठेवले. राज कुमार विरुद्ध अजय कुमार, २०१०: दाखल्यावरचे टक्के म्हणजे कमाईचं नुकसान नव्हे, त्या माणसाच्या कामावर काय परिणाम झाला ते पाहायचं. आणि काजल विरुद्ध जगदीश चंद, २०२०: डोक्याला मार लागलेल्या बारा वर्षांच्या मुलीला सांभाळणाऱ्या माणसांचा खर्च गुणक लावून, म्हणजे वर्षाच्या खर्चाला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणून, दिला होता. माझा सगळा जोर या दुसऱ्यावर होता. नुकसान त्याचं एकट्याचं नव्हतंच.

निकालात कमाईचं नुकसान १०० टक्के धरलं गेलं आणि देखभालीची रक्कम वेगळी मिळाली. व्हरांड्यात तिने मला दोनदा विचारलं, "मॅडम, मी यांच्याजवळ थांबते, त्याचेपण?"

मी त्या परिच्छेदावर बोट ठेवून तिला तो सावकाश वाचून दाखवला.