पोराला मारत नाही, मग तो ऐकतो कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि एकदाच सांगते. लग्नकार्यात, हळदीकुंकवात, इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सगळ्यांचं एकच: "पोराला तुम्ही हात लावत नाही म्हणे. मग तो ऐकतो कसा?"

नाही ऐकत. म्हणजे तुमची मुलं जेवढी ऐकतात तेवढंच ऐकतो.

आणि याला लाड म्हणू नका. धाकात ठेवणारे, मोकाट सोडणारे आणि माया करूनही नियम न सोडणारे, असे आईबाप वेगवेगळे असतात, हे डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1960च्या दशकातच मांडलंय. आमच्याकडे आठ म्हणजे आठला टीव्ही बंद. रडला तरी बंदच.

तुम्हाला खरं ऐकायचंय ते रंगपंचमीचं, ठाऊक आहे मला. आमच्या नाशिकच्या तिवंध्यात रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा जमिनीतला मोठा हौद, उघडली होती. चिरंजीवांना त्यात उडी मारायची होती, वय वर्षं सहा. नाही म्हटल्यावर घरी येऊन जेवायला बसले आणि ताट उलटं केलं. कटाची आमटी अण्णांच्या धोतरावर. सासऱ्यांनी बसल्या जागेवरून फाडकन दिली. चेहऱ्याला रंग लागलेलाच होता, तरी गालावर उठलेली बोटं निराळी दिसत होती. मी म्हटलं, "अण्णा, त्याच्यावर हात नाही उचलायचा." आवाज चढवला नव्हता. पण पंगतीला नणंदा, जावई, सगळे. अण्णा अर्ध्या ताटावरून उठले, हात धुतले, चपला घातल्या आणि थेट नाशिकरोडला मोठ्या वन्संकडे. हे पोळीवरचं तूप बघत बसले. पुढे दिवाळीपर्यंत अण्णा माझ्याशी बोलले नाहीत. सगळे निरोप पोराकरवी.

त्या गोंधळात मी पोराच्या हातात फडकं दिलं आणि सांडलेलं सगळं त्यानं पुसलं, हे मात्र कुणी सांगत नाही.

चारचौघांत बोलायला नको होतं, असं तुम्ही म्हणता. कधीकधी मीही म्हणते. नंतर आतल्या खोलीत बोलता आलं असतं. पण मग पोरानं काय पाहिलं असतं? आजोबा मारतात आणि आई गप्प बसते. की लगेच दुसरं मन म्हणतं, आजोबा भरल्या ताटावरून उठले, हेही त्यानंच पाहिलं ना?

शाळेत मुलांना मारायला 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17व्या कलमानं बंदी आहे. बाईंनी चापट मारली तर आपण तक्रार घेऊन धावतो. घरात मारलं की तेच संस्कार!

अण्णा आता बोलतात. परवा त्यांनीच विचारलं, "मग मला राग आला तर मी करायचं काय?"

"उठून गॅलरीत जा."

"आणि तोवर तो दुसरं ताट उलटं करेल त्याचं?"

"करेलही," म्हटलं.

त्यांना हे काही पटलेलं नाही. गॅलरीत जातात, पण तिथूनही ओरडतात.